रोहिणी खाडिलकरांवर पाच मिनिटांचं भाषण हवंय (आणि 'बेस्ट गर्ल'चं काय करायचं?)

डोंबिवलीची_गडबड

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, इथे पहिल्यांदाच लिहितेय.

लेक दहा वर्षांची, पाचवीत. दोन वर्षं बुद्धिबळाच्या क्लासला जाते. गेल्या रविवारी बारा वर्षांखालच्या ओपन स्पर्धेत आठ फेऱ्यांत पाच गुण केले, नंबर एकोणिसावा. बक्षीस समारंभात तिला 'बेस्ट गर्ल' म्हणून ट्रॉफी मिळाली. आम्ही खूश, आजोबांनी फोटो लगेच ग्रुपवर टाकला. रिक्षात बसल्यावर बाईसाहेब विचारतात, "आई, बेस्ट बॉय कोणाला मिळालं?" म्हटलं, तसं बक्षीस नसतं. "का नसतं?" शेवटच्या फेरीत तिने ज्या मुलाला हरवलं तो कितवा आला वगैरे चौकशी झाली. घरी आल्यावर ट्रॉफी चपलांच्या कपाटात ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

आता खरा प्रश्न. शाळेत 'माझी आवडती खेळाडू' या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय. वर्गातल्या तीन मुली दिव्या देशमुखवर बोलणार आहेत, त्यामुळे हिला दुसरं कोणीतरी हवंय. रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळल्या, एवढी एक ओळ मला कुठेतरी सापडली. लेकीला ती एवढी आवडली की आता बाकी कोणी नकोच. पण त्या एका ओळीत पाच मिनिटं कशी काढायची? कोणाला जुनं काही आठवतंय का? नुसती पुरस्कारांची यादी नको, ती मी वाचायला लागले की ती जांभया देते.

आणि जाता जाता, ग्रँडमास्टर आणि महिला ग्रँडमास्टर यांत फरक काय? तेही मलाच विचारलं गेलंय.

---

फाजील_प्यादं

ताई, मी नागपूरचा, त्यामुळे तीन काय तीस मुली दिव्यावर बोलल्या तरी मला कमीच वाटतील. बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाला गेली तेव्हा पंधरावं मानांकन होतं. खिशात ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (त्या दर्जाची एखाद्या स्पर्धेतली कामगिरी) नव्हता. झू जिनर, हरिका, तान झोंगयी, एकेक करून सगळ्यांना घरी पाठवलं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा ही पोरगी जन्मलीही नव्हती! दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, मग २८ जुलै २०२५ ला जलद डाव. पहिला बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. आमच्या घरी टीव्हीसमोर पण तोच कार्यक्रम चालू होता.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. महिला ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) लागतं, ग्रँडमास्टरला २५००, आणि दोन्हीकडे नॉर्म वेगळे मिळवावे लागतात. म्हणजे पदव्या दोन, उंच्या दोन. दिव्या महिला ग्रँडमास्टर आधीच होती. तो विश्वचषक जिंकल्यावर नियमाप्रमाणे थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. त्या ८८ मध्ये बायका चारच : हम्पी, हरिका, वैशाली, दिव्या. लेकीला एवढं सांगा, पुढचं ती तुम्हाला विचारेलच.

खाडिलकर भगिनींबद्दल मला फक्त नावं माहीत. जुन्या लोकांनी लिहा ना जी.

---

चाळ_नंबर_चार

जुने लोक म्हणजे मीच असणार. आले.

मी गिरगावची. लग्नानंतर बोरिवली, आता मुलाकडे पुण्यात. जन्म १९६४, म्हणजे रोहिणीपेक्षा वर्षाने लहान. (तिला 'त्या' म्हणायला माझी जीभ वळत नाही. वय सारखं, भाग एकच. प्रत्यक्षात मी तिला पटावर कधी पाहिलेलं नाही हेही आधीच सांगते, नाहीतर उद्या कोणीतरी 'मावशी तिच्याबरोबर खेळायच्या' असं पसरवेल.)

आधी घराची ओळख. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, 'कीचकवध' आणि 'मानापमान' लिहिणारे, त्यांनी १९२३ साली 'नवाकाळ' काढला. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर, 'अग्रलेखांचा बादशहा' म्हणायचे ते. त्यांच्या तीन मुली : वासंती, जयश्री, रोहिणी. तिघी बुद्धिबळ खेळायच्या. खेळायच्या म्हणजे काय, तर १९७४ साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली आणि पुढची दहाएक वर्षं ते विजेतेपद या एका घराबाहेर गेलंच नाही. आळीपाळीने तिघींत फिरायचं. आमच्याकडे भावंडांत सायकलवरून मारामाऱ्या व्हायच्या, यांच्याकडे राष्ट्रीय विजेतेपदावरून होत असतील. जयश्री १९७९ साली महिला इंटरनॅशनल मास्टर (महिला ग्रँडमास्टरच्या खालची पदवी) झाली, ती पदवी मिळवणारी पहिली भारतीय बाई. पुढे 'नवाकाळ'ची संपादकही तीच.

आता रोहिणी. १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, महिलांची राष्ट्रीय विजेती. त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्याआधी कोणी बाई तिथे खेळलेली नव्हती. त्यावरून जे रण माजलं ते मला आमच्या चाळीच्या गॅलरीतून आठवतंय.

आमच्या गॅलरीत रविवारी दुपारी पट मांडला जायचा. पुठ्ठ्याचा, मधून दुमडणारा, घडीवर डांबराच्या पट्टीसारखी काळी चिकटपट्टी मारलेली. पांढऱ्या बाजूचा एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी ओव्हरकोटाचं मोठं बटण. वडीलधारे देशी पद्धतीने खेळायचे : प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्याची अडीच घरं उडी मारायची मुभा. माझा मोठा भाऊ फिशर आणि स्पास्कीच्या १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीनंतर 'इंटरनॅशनल' शिकला होता, त्यामुळे दर रविवारी आधी नियमांवर भांडण आणि मग डाव. मी कठड्याला टेकून बघायची. बघून बघून शिकले. मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी अडवलंही नाही, कारण मी शिकतेय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तर त्या गॅलरीत रोहिणीवर चर्चा. एक काका म्हणाले, "बायकांची वेगळी स्पर्धा दिलीय ना आता, मग इथे काय काम?" दुसरे म्हणाले, "उद्या एखादा हरला तर त्याने घरी तोंड कसं दाखवायचं?" हे दुसरं कारण मला आजही जास्त प्रामाणिक वाटतं. आणि ती हरली असती तर बोंब नव्हती, पण तिने तिथे तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल. म्हणजे आपल्याच राज्याचाही! काकांनी त्या रविवारी पटच मांडला नाही. असं मी म्हणतेय, भाऊ म्हणतो पाऊस होता.

प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनीही कळवलं की बाई आहे म्हणून कोणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. तुमच्या लेकीच्या भाषणात हे आलंच पाहिजे. तेरा वर्षं म्हणजे आठवीतली मुलगी हो. तिच्यापुढे प्रश्न कुठली चाल करायची एवढाच असायला हवा होता. तिच्या बाबतीत आधी खुर्चीवर बसता येईल का, याचाच निकाल लागायचा होता.

तेव्हाही लोक म्हणायचे, आताही कोणी म्हणेल, की वडील संपादक, घरात छापखाना, म्हणून कोर्टापर्यंत जाता आलं. खरंच आहे. माझे वडील गोदीत कारकून. माझ्यासाठी कोणी कोर्टात गेलं नसतं, आणि ते नेमकं मला कळलंही. १९७८ ची दिवाळीची सुट्टी. भाऊ एका हॉलमध्ये स्पर्धेला निघाला, मीही गेले. प्रवेश फी तीन रुपये, मी साठवलेली, रुमालात बांधलेली. टेबलावरचे गृहस्थ भावाचं नाव लिहून घेऊन मला म्हणाले, "मुलींची आपण गणपतीत ठेवू हं, बेटा." रागावले नाहीत, अगदी प्रेमाने बोलले. मी दिवसभर भावाच्या खुर्चीमागे उभी राहून त्याच्या चाली वहीत उतरवल्या. तेव्हाची ती जुनी पद्धत, पी-के-फोर वगैरे. पुढच्या गणपतीत संगीत खुर्ची झाली. बुद्धिबळ नाही. रुमालातल्या तीन रुपयांचं मी काय केलं ते आठवत नाही, बहुतेक भेळ.

मला तेव्हा 'मी पण खेळू शकते, कोर्टाने सांगितलंय' असं म्हणता आलं असतं. सुचलंच नाही. पेपरात वाचलेली गोष्ट आपल्यालाही लागू असते हे चौदाव्या वर्षी कळत नाही.

पण छापखान्याचं म्हणाल तर पटावर समोरच्याला अग्रलेख वाचून दाखवून हरवता येत नाही. तिथे ती एकटीच. १९८१ ला हैदराबादला आशियाई महिला स्पर्धा झाली, त्यात बारा डावांत साडेअकरा गुण. म्हणजे अकरा विजय, एक बरोबरी आणि पराभव शून्य. तुमच्या लेकीला विचारा, तिच्या शाळेतल्या मुलींत तरी सलग बारा डाव न हरता खेळून दाखव. त्याच वर्षी महिला इंटरनॅशनल मास्टर. १९८३ ला क्वालालंपूरला पुन्हा आशियाई विजेती. अर्जुन पुरस्कार त्याआधीच, १९८० चा. राष्ट्रीय विजेतेपदं पाच. ही यादी झाली, जांभई दे म्हणावं आता.

मला तिचा शेवट जास्त आवडतो. १९९३ साली, तिशीत, तिने खेळ सोडला आणि जर्मनीत जाऊन छपाईतंत्राचा डिप्लोमा केला. मग घरच्या 'संध्याकाळ' या सायंदैनिकाची संपादक. ट्रॉफ्यांच्या मधोमध बसून मुलाखती देत म्हातारी झाली नाही. शाई आणि छपाईच्या यंत्रांकडे गेली. तेही तेव्हा पुरुषांचंच खातं.

---

निवृत्त_पंच

मावशींचं लिखाण वाचून हेडफोन काढून ठेवला. त्यात एक धागा सुटलाय तो जोडतो. तीस वर्षं स्पर्धांमध्ये पंच होतो, अशा गोष्टी मला जेवणापेक्षा प्रिय.

ते 'जागतिक संघटनेचे अध्यक्ष' म्हणजे डॉ. मॅक्स यूवे. हॉलंडचे, गणिताचे शिक्षक, १९३५ साली अलेखिनला हरवून जगज्जेते झालेले. फिडेचे, म्हणजे त्या जागतिक संघटनेचे, अध्यक्ष १९७० ते ७८. बाईला पुरुषांबरोबर खेळू द्यावं का, हा प्रश्न या माणसाच्या टेबलावर आला, यात एक मजा आहे.

मजा कळायला व्हेरा मेंचिक माहीत हवी. मॉस्कोत जन्म १९०६ चा, वडील चेक, आई इंग्रज. क्रांतीनंतर इंग्लंडात हेस्टिंग्जला आली. १९२७ ला महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि मरेपर्यंत ते पद सोडलं नाही. १९२९ ला कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तिला बोलावलं तेव्हा व्हिएन्नाचे आल्बर्ट बेकर थट्टेत म्हणाले, जो हिच्याकडून हरेल तो 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद. पहिले सभासद कोण झाले? बेकर स्वतः.

थांबा, तुमच्या मुलीला अर्धीच गोष्ट सांगू नका. त्या स्पर्धेत व्हेरा शेवटची आली होती, एकवीस डावांत तीन गुण. तरी पुढच्या वर्षी पुन्हा पुरुषांत खेळायला बसली, त्याच्या पुढच्या वर्षीही. क्लब वाढत गेला. आपल्या पंजाबचा सुलतान खान त्यात आहे, लहानगा असताना युरोप गाजवलेला रेशेव्स्की आहे. आणि हेस्टिंग्जला लागोपाठ दोन वर्षं तिच्याकडून हरलेले डॉ. मॅक्स यूवेही आहेत.

तर रोहिणीचा प्रश्न ज्या माणसापुढे गेला, तो स्वतः चाळीसेक वर्षांपूर्वी एका बाईकडून दोनदा हरलेला होता. त्याने निर्णय त्यामुळेच दिला असं मी म्हणणार नाही, मी पंच आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. पण एवढं नक्की की 'बाईला काय जमणार' हे त्याला कोणी पटवू शकलं नसतं.

व्हेरा १९४४ च्या जूनमध्ये लंडनमध्ये गेली. घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, आई आणि बहीणही त्यातच. तिचं नाव बुद्धिबळाच्या महिला ऑलिंपियाडच्या (देशांच्या संघांची स्पर्धा) चषकाला आहे. २०२४ ला बुडापेस्टला आपल्या मुलींनी सुवर्णपदकाबरोबर उचलला तो हाच व्हेरा मेंचिक चषक. त्या संघात तिसऱ्या पटावर साडेनऊ गुण करणारी नागपूरची मुलगी होती. फाजील प्यादं, खूश?

'बेस्ट गर्ल'बद्दल, पंच म्हणून. हे बक्षीस आम्ही ठेवतो कारण साठ-सत्तर मुलांत पाच-सहा मुली येतात आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या दोनच उरतात. बक्षीस असलं की आईवडील पुन्हा आणतात. उपाय ओबडधोबड आहे, मान्य. माझ्या हातून ती ट्रॉफी घेताना चेहरा पाडलेल्या मुली मीही पाहिल्यात, आणि खरं सांगायचं तर पुढे त्याच जास्त खेळल्या.

---

फाजील_प्यादं

खूश म्हणजे काय, संत्रा बर्फी पाठवतो.

पण मावशी, एक शंका. पुरुषांबरोबर खेळायची दारं १९७० च्या दशकातच उघडली, तर मग पुढे एवढी वर्षं का लागली? खाडिलकर भगिनींनंतर भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले, सगळ्या आपल्याच. तरी ग्रँडमास्टर, खरीखुरी ग्रँडमास्टर, झालेली पहिली भारतीय बाई २००२ ला. तीही आंध्रची.

---

चाळ_नंबर_चार

बाळा, दार उघडलं म्हणजे आतल्या खुर्च्या पुसून ठेवलेल्या असतात असं नाही. त्या काळात भारतात पुरुषही ग्रँडमास्टर नव्हते. पहिला आनंद, १९८८ साली. मुलीला रात्रीच्या गाडीने परगावी स्पर्धेला न्यायचं तर सोबत कोणीतरी हवं, त्याची रजा हवी, दोघांचं भाडं हवं. हम्पीच्या मागे तिचे वडील पूर्ण वेळ उभे राहिले, दिव्याच्या मागे आई. तू भाग्यश्रीचं नाव घेतलंस ती सांगलीची, तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांसारखा पोरांना पदरमोड करून शिकवणारा माणूस होता. प्रत्येक गावात असा कुठून आणायचा?

पंचकाका, यूवेंची गोष्ट मला ठाऊक नव्हती. पन्नास वर्षं मी नुसतंच 'अध्यक्ष' म्हणत आले. भावाला आत्ता फोन करून सांगितली. तो म्हणतो पाऊस होताच.

---

डोंबिवलीची_गडबड

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू! दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. मावशी, तुमचं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. संगीत खुर्चीपाशी ती हसली नाही. "मग त्या काकांना कोणी काहीच बोललं नाही?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही बहुतेक.

भाषण झालं काल. तालमीत सात मिनिटं होत होतं, बाईंनी दोन मिनिटं कापायला सांगितली. मला वाटलं कोर्ट कापेल, अवघड शब्द आहेत. तिने सगळे पुरस्कार कापले आणि कोर्ट, यूवे आणि 'बारा डावांत साडेअकरा' ठेवलं. साडेअकरा म्हणताना वर्गाकडे बघून जरा थांबायचं, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. एका मुलाने विचारलं, तो अर्धा गुण कोणी घेतला? उत्तर देता आलं नाही म्हणून घरी आल्यावर चिडचिड.

ट्रॉफी चपलांच्या कपाटातून निघालीय. पण शोकेसमध्ये नाही गेली, अभ्यासाच्या टेबलावर आहे आणि तिच्यात पेन्सिली ठेवल्यात.

---

चाळ_नंबर_चार

अर्धा गुण कोणी घेतला हे विचारणाऱ्या मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला घाला.

आणि गडबडताई, नातवाने मला मोबाईलवर खेळायला शिकवलंय. रविवारी दुपारी चार वाजता तुमची लेक मोकळी असते का? दहा मिनिटांचा डाव. पांढरी तिला देते, पण चाल परत घेऊ देणार नाही.

---

डोंबिवलीची_गडबड

विचारलं. म्हणाली, "चालेल, पण आजींना सांग, पांढरी-काळी नाणं उडवून ठरवायची."